कॅलम आला नाही

ग्लेनवारा, स्कॉटलंड
१४ मे २०२४

प्रिय आत्या,

मी मोना. फोनवर तुम्ही म्हणाला, अर्धं इंग्रजी बोलायचं असेल तर फोन ठेव आणि पत्र लिही. म्हणून लिहितो. बाबा गेल्यापासून माझ्याशी मराठी बोलायला हितं कोण न्हाय. मला विसरायचं न्हाय. तुम्ही शाळेत मराठी शिकवत होता. माझ्या चुका काढा, राग येणार न्हाय.

मी गावातल्या दवाखान्यात काम करतो ते तुम्हाला माहीत हाय. रविवारी मी आणि कॅलम समुद्रात जातो. होडी लागत न्हाय. घरापुढच्या दगडावरून पाठीवर टाकी घेऊन चालत आत शिरायचं. पाणी लई गार. ओठ दगड होतात, चहा प्यायला तर हनुवटीवरून गळतो. गेल्या रविवारी गेलतो तेव्हा मी लई वेळ बुडालो. खाली फुलासारखी जनावरं हायत, पांढरी, देठ हाताएवढा. हात लावला की मिटतात. त्यांना मराठीत काय म्हणायचं?

कॅलमशी मला लग्न करायचं हाय. बाबांना तो आवडायचा. नाताळानंतर आम्ही दोघं कोल्हापूरला येऊ का? तुम्ही त्याला बघा आणि हो म्हणा. मग लग्न. बाबांना विचारलं असतं, आता तुम्हीच हाय.

तुमचा,
मोना


श्री

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जून २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाईने तपासून याच पाकिटात परत पाठवत आहे. ते शुद्ध करून स्वतःजवळ ठेव. लाल रंग पाहून रडू नकोस. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कलेक्टर कचेरीत बसतात, त्यांनीही तो पाहिला आहे.

आधी मायना. पत्राच्या वर ‘श्री’ लिहायचा. तू तो लिहिला नाहीस, मी घातला आहे. मोठ्या माणसांना ‘प्रिय’ लिहीत नाहीत, ते गृहीत धरायचं असतं. ‘तीर्थरूप’ लिहावं, म्हणजे ‘ती.’.

हाय, न्हाय, गेलतो ही तुझ्या बापाची बोली. उदय पस्तीस वर्षं तिकडे राहिला, तरी त्याच्या जिभेवरून आपलं कोडोली गाव उतरलं नाही. बोलताना ती गोड वाटते, कागदावर चालणार नाही. शिवाय तू मुलगी आहेस. मी गेले, मी लिहिते. इथल्या बायका सर्रास ‘मी जातो’ म्हणतात, माझ्याकडे कामाला येणारी बायडाबाई तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते. पण बायडाबाई पत्रं लिहीत नाही.

आता महत्त्वाचं. ‘बुडालो’ हा शब्द या अर्थाने पुन्हा लिहायचा नाही. बुडी मारणारा वर येतो, बुडणारा येत नाही. तुझं वाक्य वाचून माझ्या हातातला चहा बशीत सांडला. ‘मी बुडी मारली’ असं लिही. तुझा बाप कोडोलीच्या विहिरीत बुडी मारायचा आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचा, आणि आमचे वडील काठावर काठी घेऊन उभे असायचे. बुडी तुझ्या घराण्यातच आहे.

त्या जनावरांना माझ्या कोशात ‘समुद्रपुष्प’ असा शब्द दिला आहे. तो कोणी तोंडाने उच्चारला असेल असं मला वाटत नाही. तू वर्णन नीट करत जा, नावं मी देते.

तुझ्या त्या मित्राचं नाव वाचलं. आमच्याकडे कलम आंब्याचं असतं. त्याबद्दल पुढे पाहू. आधी भाषा सुधार.

तुझी आत्या


श्री

ग्लेनवारा
२० जुलै २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

या वेळी मी शब्दकोश घेऊन बसले आहे. चुका राहतील, पण हाय-न्हाय काढले. कॅलमला मी आंब्याचं सांगितलं. तो म्हणाला, आत्यांना कळव की मी आंबा नाही, पण या थंडीत टिकलो आहे म्हणजे जात चांगली आहे.

तुम्ही वर्णन मागितलं. आम्ही नेहमी जोडीने उतरतो, एकटं उतरायचं नाही हा नियम आहे. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हाच आत जायचं. उशीर झाला तर प्रवाह ओढतो. पहिल्यांदा शेवाळाचं रान लागतं, माणसापेक्षा उंच, चामड्याच्या पट्ट्यांसारखं. त्याच्या खाली उतरलं की खडक. त्या खडकाला ती पांढरी जनावरं, त्यांच्या डोक्यावर बारीक बारीक केस, पिसासारखे. त्याच्या खाली तारे, पण त्यांचे हात बारीक आणि केसाळ, आणि हजार एकत्र पडलेले. सगळे एक हात वर करून असतात, वर्गातल्या मुलांसारखे.

आणि एक मासा. तो मार्चमध्ये कॅलमने दाखवला. गोल, जाडा, पोटाला चिकटायची वाटी आहे, तिने खडकाला धरून बसतो. आई अंडी घालते आणि खोल पाण्यात निघून जाते. बाप अंड्यांजवळ राहतो. लाट आली तरी सोडत नाही. काही खात नाही. या माशाला नाव द्या.

कॅलम फेरीबोटीवर काम करतो, दोर बांधणं, गाड्या आत घेणं. तो कमी बोलतो. मला वाटतं, तुम्हाला आवडेल.

आमच्या येण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही.

आपली,
मोना


श्री

राजारामपुरी
१५ ऑगस्ट २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

पत्र बरं आहे. तपासून सोबत पाठवते. ‘पहिल्यांदा शेवाळाचं रान लागतं’ इथे ‘आधी’ हवं. ‘जाडा’ चालेल, ‘जाड’ चांगलं. हात वर केलेल्या ताऱ्यांचं वाक्य मी तसंच ठेवलं आहे.

नावं अशी. पांढरं फूल म्हणजे पिसारा. केसाळ हातांचा तारा म्हणजे केरसुणी, कारण तू सांगतेस तसा ढीग मी फक्त बाजारात केरसुण्यांचाच पाहिला आहे. मासा म्हणजे चिकट्या. हे शब्द कोणत्याही कोशात नाहीत, तेव्हा तू आणि मी वापरू तेवढेच ते जगतील.

चिकट्याचं बायडाबाईला वाचून दाखवलं. ती भांडी टाकून बाहेर आली आणि म्हणाली, “बा अंडी राखतो, मग आई कुठं हिंडाय जाती?” मी म्हटलं, खोल पाण्यात. त्यावर ती म्हणाली, असला नवरा गावला असता तर आपण पण गेलो असतो की.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. मी लग्नाच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. पण इथे मला तोंड द्यायचं आहे. तुझ्या बाबांचा चुलतभाऊ सयाजी आणि कोडोलीची सगळी भावकी विचारणार, मुलगा कोण, कुठला, करतो काय. मी काय सांगू, बोटीवर दोर बांधतो? उदय असता तर हे त्याने निभावलं असतं. तो माझ्यावर टाकून गेला. मला थोडा वेळ दे.

तुझी आत्या


श्री

ग्लेनवारा
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

आज आम्ही बुडी मारली. पाहा, बरोबर लिहिलं. आता बुडी आणि बुडणं यांत माझी चूक होणार नाही.

पाण्याखाली लिहायला आमच्याकडे एक लहान पाटी असते. पिसाऱ्याच्या खडकाजवळ कॅलमने ती माझ्यापुढे धरली. त्यावर देवनागरीत ‘चिकट्या?’ असं लिहिलं होतं. त्याने ते घरी शिकून ठेवलं होतं, मला न सांगता. मी मान हलवली, या ऋतूत चिकट्या नसतो. पण हसल्यामुळे माझ्या मुखवट्यात पाणी शिरलं. आता ते शब्द तीन माणसं वापरतात.

तो रोज सकाळी आरशापुढे “आत्या, नमस्कार करतो” म्हणतो. त्याचा ‘त्या’ नीट येत नाही, ‘टिया’ होतो. तुम्ही त्यालाही लाल शाई लावाल.

मी तिकीट पाहिलं आहे, नाताळानंतर निघून २९ डिसेंबरला पुण्यात उतरायचं. पण त्याच्या बोटीवर माणसं कमी आहेत, त्याला रजा मिळेल की नाही हे नोव्हेंबरमध्ये कळेल. आत्या, एक विचारते. तुम्ही एकाही पत्रात त्याचं नाव लिहिलेलं नाही. ते का? आम्ही इथे कधीही लग्नाची नोंद करू शकतो. मी थांबले आहे ते तुमच्या हो साठी. घरातलं कुणीतरी हो म्हणावं असं मला वाटतं, आणि घरात तुम्ही एकट्याच उरला आहात.

आपली,
मोना


श्री

राजारामपुरी
१८ ऑक्टोबर २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

या पत्रात दोनच चुका. दसऱ्याला सयाजीकडे कोडोलीला गेले होते, तिथे मी हे सगळ्यांना सांगितलं. सोनं देताना सगळे तुझी चौकशी करत होते. तू येणार म्हटल्यावर सयाजीने लगेच पुण्याच्या विमानतळावर गाडी आणायचं कबूल केलं. एकटी की कुणाबरोबर, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बघू.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ लिहिते. या खेपेला तू एकटी ये. तुझ्या सोबत्याला रजा मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, खरं सांगायचं तर मला ते सोपं जाईल. तू चार दिवस कोडोलीत राहा, माणसांना भेट, त्यांना तुझी सवय होऊ दे. मग पुढच्या वर्षी त्याला आण. माणसांना एकेक पायरी चढवत न्यावं लागतं. शाळा चालवली आहे मी, मला कळतं. तो नाही आला तरी चालेल.

लग्न पळून जात नाही.

तुझी आत्या


ग्लेनवारा
२१ नोव्हेंबर २०२४

आत्या,

गेल्या रविवारी आम्ही दोघं बुडालो. मी वर आले. कॅलम आला नाही.

आता मी एकटीच आहे. फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

मोना


श्री

राजारामपुरी
७ डिसेंबर २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आज मिळाली. निघण्याआधी तुला हे पत्र मिळावं म्हणून लगेच तपासून स्पीड पोस्टाने पाठवते.

प्रवासाच्या घाईत लिहिलेलं दिसतं. वर श्री नाही, मायना अर्धा. दोन्ही घातले आहेत. ‘बुडालो’ पुन्हा आलंच. सप्टेंबरमध्ये बढाई मारलीस, आता पाहा. ‘बुडी मारली’ असं केलं आहे. ‘वर आले’ मात्र बरोबर, शाबास, या वेळी ‘आलो’ लिहिलं नाहीस. ‘आला नाही’ इथे काळ चुकला. जे पुढे व्हायचं आहे त्याला भविष्यकाळ. ‘येणार नाही’ असं हवं. तसंच ‘आता मी एकटीच येणार आहे’, नुसतं ‘आहे’ म्हटल्याने अर्थ पुरा होत नाही.

फोनवर सांगायला तू कचरलीस हे कळलं. मी बोलेन असं वाटलं असेल. मी काही बोलणार नाही. उलट मला हायसं वाटलं, आणि ते मी लपवत नाही. सगळं कसं आपोआप सुटलं.

सयाजीच्या बायकोने तुझ्यासाठी नवी चादर काढली आहे. पांढरा रस्सा झेपतो का ते कळव, नाहीतर सौम्य करू. बायडाबाईला तुला पाहायचं आहे, चिकट्याचं तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. थंडीचे कपडे फार आणू नकोस, आमची थंडी तुला थंडी वाटणार नाही.

तुझी आत्या


श्री

राजारामपुरी
१२ जानेवारी २०२५

चि. मोनास आशीर्वाद.

तू आली नाहीस. सयाजी पुण्याला गेला, दोन विमानं पाहिली आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. तुझा फोन बंद. एक ओळ कळवता आली नाही?

उदय असाच होता. येतो म्हणायचा आणि यायचा नाही, मग वर्षभराने खेळणी पाठवायचा. मला वाटलं होतं तू निराळी आहेस.

त्याला सोडून एकटीने यायचं तुझ्या जिवावर आलं असेल, किंवा त्याने अडवलं असेल, तर तसं स्पष्ट लिही. मला खोटं चालत नाही, आणि गप्प बसणं त्याहून चालत नाही.

आत्या


श्री

राजारामपुरी
२० फेब्रुवारी २०२५

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

शेजारच्या विश्वजितने इंटरनेटवरून तुझ्या दवाखान्याचा नंबर काढून दिला. तिथली बाई म्हणाली, तू रजेवर आहेस, बाकी काही सांगता येणार नाही. रजा होती तर इकडे यायला काय झालं होतं, असं माझ्या मनात आलं. ते मी तिला बोलले नाही.

आजारी आहेस का? माझ्या पत्राने दुखावलीस का? चुका असल्या तरी चालेल. लिही.

तुझी आत्या


ग्लेनवारा
१६ मार्च २०२५

आत्या,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. मी कामावर परत गेले, तिथे समजलं की तुम्ही फोन केला होता. म्हणून आज लिहिते आहे.

कॅलम सतरा नोव्हेंबरला समुद्रात गेला. मी तुम्हाला लिहिलं होतं.

फार थंडी होती. खाली असताना त्याच्या तोंडातल्या नळीत बर्फ धरला. असं झालं की हवा बंद होत नाही, उलट सगळी एकदम सुटते आणि टाकी रिकामी होते. आम्ही हे शिकलेलो होतो. माझ्याकडची दुसरी नळी त्याला दिली आणि एकमेकांना धरून वर येऊ लागलो. पण आम्ही उतरायला उशीर केला होता, पाणी वाहायला लागलं होतं. शेवाळाच्या रानात त्याचा पाय अडकला की प्रवाहाने ओढलं, मला माहीत नाही. नळी त्याच्या तोंडातून निघाली. हात सुटला. मीसुद्धा पाणी प्याले. मला दगडांवर कुणी ओढलं ते आठवत नाही. तो नंतर सापडला.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? लग्न झालेलं नव्हतं. त्यांनी कागदावर ‘मैत्रीण’ लिहिलं. त्याला ताब्यात कुणी घ्यायचं, कुठे पुरायचं, हे सगळं त्याच्या आईने ठरवलं. ती चांगली आहे, तिने मला विचारलं. पण कायद्याने विचारलं नसतं तरी चाललं असतं.

तुम्हाला फोन केला असता तर तोंडातून इंग्रजी आलं असतं. मला ते बाबांच्या भाषेत सांगायचं होतं. मी ती चार ओळींची चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहिली. प्रत्येक शब्द कोशात पाहिला. त्याच्या नावावर लाल शाई यायला नको होती. बुडी मारणं आणि बुडणं यांतला फरक मला माहीत होता, आत्या. तुम्हीच शिकवला होता.

मग तुमचं पाकीट आलं. ‘आला नाही’ वर काट मारलेली, आणि वर ‘येणार नाही’.

मी तुमच्यावर रागावले आहे का, ते मला समजत नाही. मराठीत लिहायला बसले की हात थांबतो. हे पत्र तपासू नका. परत पाठवू नका.

मोना


राजारामपुरी
७ एप्रिल २०२५

चि. मोनास,

पत्र तपासलेलं नाही. माझ्याजवळच ठेवलं आहे.

अशुभ वार्तेच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. आज मी लिहिलेला नाही. आई गेली, वडील गेले, तेव्हा गावोगावी अशी पत्रं मीच लिहिली होती. श्री नसलेलं पत्र हातात पडलं की वाचण्याआधी खाली बसायचं, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. तुला हे उदयने सांगितलं होतं की तू सहज सोडलास, मी विचारत नाही. माझ्या हातात तसं पत्र पडलं आणि मी बाटलीतून शाई भरून घेतली.

तुझ्या त्या चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

मी ती तशी का वाचली, याचाही विचार केला. भाषेमुळे नाही. तो येऊ नये असं मला वाटत होतं, आणि तुझी ओळ मला तेच सांगते आहे असं मी धरलं. मनासारखं वाचायची ही सवय मी मुलांच्या पेपरात कधी खपवून घेतली नसती.

कॅलमचं मला फार वाईट वाटतं. त्याने पाटीवर लिहिलेला शब्द मला बघायचा होता, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. वाचून मला आनंद झाला होता. मी तो कळवला नाही.

सयाजीला कोडोलीला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, कोण गेलं? मी म्हटलं, आपला जावई गेला. त्याने विचारलं, सुतक धरायचं का? मी म्हटलं, धर. त्याने धरलं. कुणी काही विचारलं नाही. ज्या भावकीला मी इतकी घाबरत होते, ती अशी.

बायडाबाईला सांगितलं. धुतलेलीच भांडी तिने पुन्हा धुतली.

विश्वजित म्हणतो, पासपोर्ट आता लवकर होतो. माझ्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, मी अजून दोन जिने चढते. तुझ्याजवळ येऊन राहीन. स्वयंपाक करीन, बोलणार नाही, किंवा तू म्हणशील त्या भाषेत बोलेन. इंग्रजी मला येतं, मी एवढी वर्षं मुद्दाम येत नाही असं दाखवलं.

मी येऊ का? एका शब्दात कळव.

तुझी आत्या


ग्लेनवारा
४ मे २०२५

आत्या,

नको.

एका शब्दात लिहा म्हणालात, तो वर लिहिला. पण तेवढाच पाठवणं मला बरं वाटेना.

त्याला जावई म्हणू नका. तो झाला नाही. आम्ही तुमच्या हो ची वाट बघत होतो. तुम्ही कोडोलीत तो शब्द वापरला, लोकांनी सुतक धरलं, हे चांगल्या मनाने केलं हे मला कळतं. पण तुम्ही तिकडे एका वाक्यात त्याला घरात घेतलं. तेवढंच वाक्य लागत होतं, हे मला आता ऐकवत नाही.

तुम्ही आलात तर मी तुम्हाला घर दाखवीन, दगड दाखवीन, तो कुठे चहा घेऊन बसायचा ते दाखवीन. तुम्ही ऐकून घ्याल. मग मला तुमचं सांत्वन करावं लागेल. ती ताकद माझ्यात नाही. त्याला बघायला या, असं मी एक वर्षापूर्वी लिहिलं असतं तर तुम्ही आला असता का?

मी अजून पाण्यात उतरलेली नाही. त्याच्या बोटीवरच्या सोबत्यांनी मला ओहोटीच्या वेळी काठापर्यंत नेलं. चिकट्या आले आहेत. या वर्षी एक अगदी उथळ पाण्यात बसला आहे, ओहोटीला त्याची पाठ उघडी पडते, आणि पक्षी टोचतात. तरी अंडी सोडत नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

तुम्ही लिहीत राहिलात तर मी वाचीन. उत्तर देईनच असं नाही. कोल्हापूरला मी येणार नाही. आता तरी नाही.

मोना


राजारामपुरी
२६ मे २०२५

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

विश्वजित पासपोर्टचा अर्ज भरून घेऊन आला होता. त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

तू विचारलंस, वर्षापूर्वी बोलावलं असतं तर आले असते का. नसते आले. माझ्याकडे कारणं तयार असत.

दर महिन्याला एक पत्र पाठवीन. इथलं काय ते लिहीन, तुला काही विचारणार नाही. उत्तराची वाट मी पाहीन, पण ती माझी गोष्ट आहे, तुझ्यावर तिचं ओझं नाही.

तू ‘नको’ लिहिलं आहेस. ते मी नीट वाचलं. त्यातून दुसरं काही काढलेलं नाही. मी येत नाही.

तुझी आत्या